मुकादमाचा दम

फोन आला तेव्हा मी माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर रांगेत उभी होते आणि पर्समध्ये नवं कोरं नेलकटर होतं. आदल्या संध्याकाळी सिस्टरने सांगितलं होतं, काकांची नखं फार जाड आहेत, बोटाला लावायचा चिमटा ऑक्सिजन नीट दाखवत नाही, उद्या येताना मोठं नेलकटर घेऊन या. म्हणून दुकान उघडेपर्यंत थांबून ते घेतलं. जाड नखं कापली जातील ना, असं दुकानदाराला दोनदा विचारलं, तेव्हा त्याने मी घरी म्हैस बाळगत असल्यासारखं माझ्याकडे बघितलं. फोनवर पलीकडून एवढंच म्हणाले, "तुम्ही कुठे आहात? लवकर या." अशा फोनवर कुणी याहून जास्त बोलत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही जास्त लागत नाही. तरी मी रांग मोडली नाही. माझ्यापुढे तीन माणसं होती, ती गेली, माझी पाळी आली, मी बसले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, सावकाश चला... आता घाई कशाची होती.

माझा मोठा भाऊ रघुनाथ, आमचा रघूदादा, त्या सकाळी गेला. अडुसष्ट वर्षांचा होता, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. त्याला जाऊन सात आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं म्हणजे त्याचे गुण सांगायचे असतात. ते मी सांगेन, आणि एकदोन अवगुणही सांगेन, नाहीतर तोच म्हणेल, "मंदे, पेपरात खोटा नको लिवू." पण खरं सांगायचं तर मी लिहायला बसले ती गुण सांगायला नाही. दादाच्या घशात श्वासाची नळी होती, ती एका सकाळी काढायचं ठरलं, आणि ते माझ्यामुळे ठरलं. मी त्या सकाळी तिथे गेले नसते तर ती त्या दिवशी निघाली नसती. मग तो आज असता का? सात आठवडे मी हा एकच प्रश्न घेऊन घरात फिरते आहे. भाजी चिरताना, दूध तापताना, कुणाच्या बारशाला गेले तरी. उत्तर देईल असं कुणी नाही, आणि जे देतात त्यांचं मला पटत नाही.

आमचं माहेर कामणचं, खाडीच्या अंगाला. भाताचे चार तुकडे, त्यातला एक भरतीच्या पाण्याने नासलेला, आणि बाबा मिठागरावर कामाला. बाबा गेले तेव्हा दादा सातवीत होता. त्याने शाळा सोडली आणि मला शाळेत घातलं. असं सरळ लिहिलं की फार मोठा त्याग वाटतो. दादाला शाळेचा मुळातच कंटाळा होता, आणि मास्तरही त्याला कंटाळले होते, हेही तितकंच खरं. पण पुढची दहा वर्षं माझी फी, वह्या, दप्तर सगळं त्याने बघितलं, आणि मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा गावभर सांगत सुटला, "आमची मंदी आता सगल्यांचा बोलना ऐकनार." पुढे भिवंडी रस्त्याला गोदामं आली. शेतावर पोट भरेना तेव्हा दादा गोदामात हमाल म्हणून शिरला आणि सहासात वर्षांत मुकादम झाला. पोती, खोकी, पिंपं उतरवणारी चाळीस माणसं त्याच्या हाताखाली असत, तीही चार मुलखांतली, चार भाषांची. दादाचं सगळं मुकादमपण दोन हाकांत होतं. एक "उचला रे!" आणि दुसरी "दम घ्या रे!"

"दम घ्या" म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. ओझं खाली ठेवा, टेका, पाणी प्या, थोडा वेळ काही करू नका. पण दादाच्या तोंडून ती हाक कामणच्या त्या पत्र्याच्या छपराखाली ऐकावी. मी एकदा डबा द्यायला गेले होते, तेव्हा ऐकली. हाक उठली आणि चाळीस माणसं एकदम जमिनीवर. कुणाच्या पाठीवर अर्धवट चढवलेलं पोतं असेल तर तेही खाली. बिहारमधली माणसं, ज्यांना मराठीतला तिसरा शब्द येत नव्हता, त्यांनाही हे दोन पक्के येत. मालकाने एकदा विचारलं म्हणे, इतक्या वेळा कशाला थांबवतोस? दादा म्हणाला, मानूस थांबला नाय तर पडतो, मग तू उचलशील काय त्याला? असं बोलूनही त्याची नोकरी टिकली, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

अवगुण म्हणाल तर हा, की तो स्वतः कधी दम घेत नसे. निदान माझ्यासमोर नाही. माझं लग्न कोकणातल्या नोकरदार घरात झालं आणि आम्ही माणिकपूरला तिसऱ्या मजल्यावर ब्लॉक घेतला. लिफ्ट नाही. माझं लोखंडी कपाट चढवायला दादा दोन माणसं घेऊन आला. पट्टा त्याने स्वतःच्या कपाळाला लावला, ती दोघं खालून रेटायला. मी वरच्या वळणावर उभी राहून ओरडत होते, "झालंच दादा, दोनच पायऱ्या, दोनच!" दोन दोन म्हणत मी त्याला अख्खा जिना चढवला. मधल्या माळ्यावर खालचा माणूस म्हणाला, मुकादम, जरा टेकवूया. दादा ऐकेना. कपाट जागेवर बसलं, त्याने चहा प्यायला, हसत गेला. चारपाच महिन्यांनी सुमन वहिनीकडून कळलं की तो त्यानंतर आठ दिवस चटईवर पालथा पडून होता. मी भांडायलाच गेले. अरे, खाली ठेवायचं ना! तर म्हणाला, "तू वर उभी राहून बगत व्हतीस ना. मग कसा ठेवू खाली?" त्यावर मी हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

त्याला बिडी नव्हती, दारू नव्हती. पण तीस वर्षं गोदामाची धूळ होती. सिमेंटची, कसल्या कसल्या भुकटीची, कापडाच्या तंतूंची. निवृत्त झाल्यावर खोकला राहिला, त्याला तो "गोदामाचा खोकला" म्हणे आणि पेन्शन मिळाल्यासारखा सांगे. या दिवाळीनंतर तो खोकला छातीत उतरला. चिंचोटीच्या नाक्यापर्यंत चालत जाणारा माणूस अंगणातल्या नळापर्यंत जाऊन बसायला लागला. वहिनीने विचारलं की सांगे, हवा बदललीय. दादा-वहिनीला मूल नाही, वहिनीला लिहायला-वाचायला येत नाही, म्हणून घरातला कुठलाही कागद, कुठलाही डॉक्टर माझ्याकडे यायचा. यावेळी मात्र तिने फोन केला तेव्हा ताप येऊन पाच दिवस झाले होते आणि त्याची नखं निळी दिसायला लागली होती. हायवेजवळच्या खासगी रुग्णालयात नेलं. न्यूमोनिया. दुसऱ्या दिवशी घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला. त्या कागदावर सही माझी.

आयसीयूच्या डॉक्टर बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पण त्या मला रोज संध्याकाळी बाहेर येऊन सगळं समजावत, पाठ करून आलेलं बोलल्यासारखं नव्हे, समोर बसून. सहाव्या दिवशी म्हणाल्या, इन्फेक्शन कमी होतंय, आता नळी काढायचं बघायला हवं. मला वाटलं, झालं तर मग, काढा! त्यावर त्या म्हणाल्या, "काकू, नळी घालणं सोपं असतं. कधी काढायची ते ठरवणं कठीण. लवकर काढली आणि पेशंट थकला, तर परत घालावी लागते, आणि ते फार वाईट. उशीर केला तर नळीनेच नवं इन्फेक्शन होतं, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. मधे एखादा दिवस बरोबर असतो. तो आम्ही शोधतो."

"तो कसा कळतो?"

"टेस्ट घेतो. सकाळी झोपेचं औषध बंद करायचं, मशीनचा आधार जवळजवळ काढून घ्यायचा, आणि अर्धा तास त्यांनाच श्वास घेऊ द्यायचा. मिनिटाला किती श्वास होतात, एकेक श्वास केवढा आहे, खोकला जोरात काढता येतो का, सांगितलेलं कळतं का... हे सगळं बघायचं."

"आणि पास झाला की नक्की?"

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "नक्की असं नसतं काकू. पास झालेल्यांतलेही काही दोन दिवसांत परत नळीवर येतात. कोण येणार ते आधी सांगता आलं असतं तर मी रात्री नीट झोपले असते."

पहिल्या दिवशी दादा नापास झाला. दुसऱ्या दिवशीही. श्वास उथळ, मोठा श्वास घ्यायला सांगितलं तर उलट सोडूनच देतात, सांगितलेलं ऐकत नाहीत, कोऑपरेट करत नाहीत, असं मला कळवण्यात आलं. माझा पाराच चढला. आमचा दादा कोऑपरेट करत नाही! पण रागावून करणार काय, आणि कुणावर? वहिनी बाहेरच्या बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली असे. "मना त्यातला काय कलतं, मंदे? तू शिकलेली. तू सांगशील तसा," एवढंच ती म्हणे. डॉक्टर बाईंनीच मग सुचवलं की उद्या नऊ वाजता टेस्टच्या वेळी तुम्ही आत या, ओळखीचा आवाज असला तर कधीकधी फरक पडतो.

तर तिसऱ्या सकाळी मी टोपी-मास्क घालून दादाच्या उशाशी उभी. तो जागा होता. नळीच्या चिकटपट्टीने तोंड एका बाजूला ओढलेलं, हात बांधलेले, पण डोळे लख्ख. मला बघून त्याने भुवया उडवल्या. मशीनचा आधार कमी केला. पडद्यावर हिरवी रेघ वरखाली होत होती. सिस्टर बिन्सी म्हणून केरळच्या एक नर्स होत्या, कष्टाळू, हसऱ्या, मराठी शिकायची हौस असलेल्या. त्या दादाच्या कानाशी वाकल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काका, दम घ्या! मोठा दम घ्या!"

आणि माझ्या डोळ्यांदेखत दादाचे खांदे सैल पडले. हाताच्या मुठी उघडल्या. त्याने डोळे मिटले. पडद्यावरची रेघ खाली खाली आली आणि मशीन टीं टीं करायला लागलं. "बघा मॅडम, परत," सिस्टर काकुळतीने म्हणाल्या, आणि आणखी मोठ्याने, "दम घ्या काका, दम घ्या!" जेवढ्या मोठ्याने त्या सांगत होत्या तेवढा तो इमानेइतबारे दम घेत होता.

मला हसू फुटलं. आयसीयूत, त्या सगळ्या नळ्यांमध्ये उभी राहून मी हसले. डॉक्टर बाईंना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं. मी सिस्टरना विचारलं, हे तुम्ही त्यांना काय सांगताय? त्या गोंधळल्या. "दम घ्या... दम म्हणजे सांस ना? सगळे पेशंट बोलतात, दम लागतो, दम लागतो. तर मला समजलं, दम म्हणजे सांस." व्याकरण अगदी बरोबर होतं हो त्यांचं. फक्त आमच्या भाषेत त्याचा अर्थ नेमका उलटा होता, आणि समोर पडलेल्या माणसाने वीस-बावीस वर्षं त्याच दोन शब्दांवर चाळीस जणांना खाली बसवलं होतं. दोन दिवस ती गुणी बाई त्याला मोठा श्वास घे म्हणून सांगत होती, आणि दोन दिवस तो ओझं खाली ठेवत होता.

मग मी वाकले. श्वास घे म्हणावं तर असं आमच्या घरात कधी कुणी कुणाला सांगितलेलं नाही. मला लहानपणचं आठवलं. खाडीच्या बांधाला भरतीचं पाणी अडवायचं लाकडी दार होतं, त्याच्याजवळ पाणी साठायचं आणि आम्ही पोरं कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतं त्याची पैज लावायचो. मी म्हणाले, "दादा, बांधावर हाव आपुन. बुडी मारायची हाय. छाती भरून घे." त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि त्याने असा श्वास ओढला की पडद्यावरचा आकडा बघून डॉक्टर बाई खुर्चीवरून उठल्या. पण दादाच तो, त्याने तो श्वास धरून ठेवला! बुडी मारायची ना. परत टीं टीं. "अरे सोड, सोड! वर ये!" मी ओरडले, आणि नळी तोंडात असताना जेवढं हसता येतं तेवढा तो हसला. बिन्सी सिस्टरही हसल्या, डॉक्टर बाईही. त्या खोलीत दहा दिवसांत कुणी हसलं असेल तर तेव्हाच.

अर्धा तास मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसून होते. घे... सोड. घे... सोड. वीस मिनिटांनी त्याच्या कपाळावर घाम आला. डॉक्टर बाईंनी पुसला, आकडे बघितले, म्हणाल्या ठीक आहे. मी त्याचा पंजा धरून म्हणत होते, "झालंच दादा, पाचच मिनिटं. पाचच." तो माझ्याकडे बघत राहिला आणि श्वास घेत राहिला. खोकला काढ म्हटलं, काढला. मान उचल म्हटलं, उचलली, ठेव म्हणेपर्यंत खाली ठेवली नाही. अर्ध्या तासाने डॉक्टर बाई म्हणाल्या, पास.

बाहेर आल्यावर त्यांनी मला आणि वहिनीला सांगितलं, आकडे चांगले आहेत, आज काढावी असं मला वाटतं. काल-परवाचं अपयश बहुतेक न समजल्यामुळे होतं. तरी खात्री देत नाही. वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी क्षणभरही थांबले नाही. काढा, म्हणाले. एवढी खूष होते मी, एवढं शहाणं झाल्यासारखं वाटत होतं, की मोठ्या मोठ्या डॉक्टरांना दोन दिवस जे कळलं नाही ते मी एका मिनिटात सांगितलं. आज ती मी आठवते आणि मला माझाच राग येतो.

दुपारी नळी निघाली. संध्याकाळी पाचला मला आत सोडलं तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. आवाज बसलेला, घोगरा, कुणा परक्या माणसाचा. पहिला शब्द, "मंदे, पानी." आणि ते द्यायचं नव्हतं. नळीमुळे गिळायचं विसरलेलं असतं, पाणी श्वासनळीत जातं, उद्या तपासून देऊ, असं सांगितलेलं. मी बोळा ओला करून त्याच्या ओठांवर फिरवला. "घोटभर," तो म्हणाला. नाही रे दादा. "चमचाभर." नाही. मला सातवी सोडून शाळेत घालणाऱ्या माणसाला मी चमचाभर पाणी दिलं नाही. मग म्हणाला, "पास झालो ना मी?" म्हटलं, पहिल्या नंबराने. त्यावर त्याने समाधानाने मान हलवली आणि म्हणाला, "आता घरी चल." ... आमचं शेवटचं बोलणं ते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बोलावणं आलं. तोंडावर घट्ट मास्क बसवला होता, त्यातून मशीन हवा ढकलत होतं. श्वास भरभर, उथळ. गळ्याच्या शिरा, खांदे, पोट, सगळं अंग एकेका श्वासाच्या मागे लागलेलं. मी हाक मारली तर डोळे माझ्याकडे वळले आणि त्याने आणखी जोर लावला. मला ते दिसलं. मला बघून त्याने जोर वाढवला हे मला स्पष्ट दिसलं. माझ्या तोंडावर आलं होतं, पुरे दादा, दम घे. मी ते गिळलं. खाली ठेव म्हणायचं, तर आता ओझं श्वासाचंच होतं. मग मी नुसता त्याचा पाय चोळत उभी राहिले. डॉक्टर बाई म्हणाल्या, आता थांबता येणार नाही. परत नळी. परत माझी सही. त्यानंतर तो नीट जागा झालाच नाही, नव्याने इन्फेक्शन चढत गेलं, आणि पाचव्या सकाळी मी रिक्षाच्या रांगेत असताना गेला.

लोक समजावतात. वय झालं होतं, छाती आधीच गेली होती, तुझा काय दोष. माझे यजमान म्हणतात, तू नसतीस तर तो न बोलताच गेला असता. असेल. तेराव्यानंतर मी रुग्णालयाचे कागद आणायला गेले तेव्हा डॉक्टर बाईंना सरळ विचारलं. माझ्यामुळे तो दोन दिवस आधी पास झाला का? त्यांनी मला टाळलं नाही, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "तुम्ही नसतात तर तिसऱ्या दिवशीही आम्ही नापास धरलं असतं. मग कदाचित गळ्याला छेद देऊन तिथून नळी टाकायचा विचार केला असता. त्याने वाचले असते का? माहीत नाही. त्याच दिवसांत दुसरं काही झालं असतं का? तेही माहीत नाही. काकू, आकडे त्यांचेच होते. मी परत तेच ठरवलं असतं." आणि म्हणाल्या, "फक्त एकच... तुम्ही शेजारी होतात तेव्हाचे आकडे होते ते. तुम्ही नसताना पुढचे सव्वीस तास त्यांना एकट्याने काढायचे होते. ते मोजायला आमच्याकडे काही नाही."

हे त्या सहज बोलल्या, मला लावून नाही. पण मला ते लागलं, कारण मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मशीनने दादाची ताकद मोजली. त्यात छातीची किती आणि धाकट्या बहिणीसमोर न थांबायच्या हट्टाची किती, हे मशीन कसं वेगळं काढणार? ते वेगळं काढू शकणारी एकच व्यक्ती त्या खोलीत होती, आणि ती स्टुलावर बसून पाचच मिनिटं, पाचच मिनिटं म्हणत होती.

निघताना बिन्सी सिस्टर धावत आल्या आणि एक प्लास्टिकची पिशवी दिली. तीत दादाचा चष्मा होता आणि पुठ्ठ्याला लावलेले काही कागद. नळी असताना बोलता येत नाही, म्हणून सकाळी जागा असला की त्या त्याचा हात सोडून पेन देत, हे मला ठाऊकच नव्हतं. वेडीवाकडी अक्षरं, सातवीतच थांबलेली. एकावर "पानी". एकावर "सुमन जेवली काय". आणि शेवटच्या कागदावर, जरा मोठ्या अक्षरांत, "मंदी गेली काय".

"हे कधी लिहिलं?"

"टेस्ट झाली ना, तुम्ही बाहेर गेल्या, तेव्हा. नळी काढायच्या आधी."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मी बोलले, नाही काका, काचेच्या मागे उभ्या आहेत, बघा तिकडे. मग ते परत सरळ झाले, आणि तुम्हाला हात केला ना त्यांनी."

केला होता. काचेपलीकडून मी तो बघितला होता आणि हरखून सगळ्यांना फोन करून सांगितला होता. दादाने हात केला, दादा एकदम छान आहे.

वहिनीने तो कागद घरी, दादाच्या दाढीच्या आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला आहे. तिला त्यात माया दिसते, आठवण दिसते. असेलही तसं. मला त्यात जिन्यातलं कपाट दिसतं, ते मी तिला सांगितलेलं नाही. दर रविवारी मी कामणला जाते, आणि चहा झाला की ती मला आरशापाशी नेते, कारण तिला वाचता येत नाही आणि ते माझ्याच तोंडून ऐकायचं असतं. मी वाचते, "मंदी गेली काय?"

"नाय गेली," वहिनी कागदाला सांगते. "हाय बग, इतंच हाय."

मग मी काहीतरी निमित्त काढते, चपला घालते, आणि पाठीमागे दार ओढून घेऊन थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहते.